कमी आवाजात फाटणारा ट्यूब ॲम्प: फाडायचा कुठे आणि दाबायचा कुठे?

ट्यूबवर चालणारा गिटार ॲम्प ज्याच्या घरी आहे त्याची तक्रार ठरलेली असते. व्हॉल्यूम दोनवर ठेवला तर आवाज स्वच्छ, पण निर्जीव. सातवर नेला की तोच ॲम्प गायला लागतो. बोटांचा जोर आणि हलकेपणा ऐकू येतो, सूर लांबतो, कडेला हवीहवीशी खरखर येते. आणि घरातलं कुणीतरी खोलीच्या दारात येऊन उभं राहतं. सातवरची ही मजा दोनच्या आवाजात मिळेल का?

बऱ्याच अंशी मिळते. त्यासाठी ॲम्पमध्ये करायच्या फेरफारांची यादी लांबलचक आहे आणि प्रत्येक फेरफाराचे भक्त आपापल्या जागी ठाम आहेत. पण सगळ्यांच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत. सिग्नल फाडायचा कुठे, आणि फाटल्यावर तो दाबायचा कुठे? जुन्या ॲम्पवर व्हॉल्यूमचं एकच बटण असतं आणि ते दोन्ही कामं एकदम करतं, म्हणून गोंधळ होतो. फेरफार म्हणजे ही दोन कामं एकमेकांपासून सोडवणं.

आवाज फाटतो तेव्हा आत काय होतं

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह. निर्वात काचेच्या नळीत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, समोरची प्लेट ते ओढून घेते आणि मधली जाळी, म्हणजे ग्रिड, त्यांना कमीजास्त अडवते. ग्रिडवर गिटारचा दुबळा सिग्नल दिला की प्लेटवर तोच मोठा होऊन मिळतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ली डी फॉरेस्टने ही जाळी घातली आणि ट्यूब 'ॲम्प्लिफायर' झाली. मूळ कल्पना आजही तीच आहे.

प्रत्येक ट्यूबला सिग्नल किती मोठा करता येईल याची हद्द असते. खोलीचं छत डोळ्यांसमोर आणा. लहान उड्या मारा, काही होत नाही. जोरात उडी मारलीत की डोकं छताला लागतं आणि उडी तिथेच थांबते. सिग्नलचंही तसंच. लाटेचा माथा छताला लागला की तो सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात. माथा सपाट झाला की मूळ सुरात नसलेल्या वरच्या पट्टीतल्या कंपनांची, म्हणजे हार्मोनिक्सची, भर पडते. कानाला ती खरखर, धार, गुरगुर अशी लागते. गिटारवाले या सगळ्याला डिस्टॉर्शन म्हणतात.

लाट वरच्या छताला आधी लागते की खालच्या जमिनीला, यावरही आवाजाचा पोत ठरतो. एकाच बाजूने आधी कापली गेली तर सम हार्मोनिक्स वाढतात आणि आवाज भरीव लागतो. दोन्ही बाजू सारख्या कापल्या गेल्या तर विषम हार्मोनिक्स राहतात आणि आवाज कडक होतो. 'ट्यूबचा आवाज उबदार' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण कुठली ट्यूब, कुठल्या बायसवर आणि कितपत दाबलेली, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. (बायस म्हणजे ग्रिडवर कायम ठेवलेलं ऋण व्होल्टेज. सिग्नल नसताना ट्यूबमधून किती प्रवाह जाईल ते यावर ठरतं.)

एका ॲम्पमध्ये छतं किती

सिग्नल पिकअपमधून (तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या गिटारवरच्या भागातून) निघून आधी प्रीॲम्पच्या, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या भागाच्या, छोट्या ट्यूबमध्ये येतो. ही बहुतेक वेळा १२एएक्स७ असते, युरोपात तिचंच नाव ईसीसी८३. एका काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असा संच) असतात, म्हणजे एका ट्यूबमध्ये सिग्नल मोठा करण्याचे दोन टप्पे. पुढे टोनची बटणं. मग फेज इन्व्हर्टर, जो एका सिग्नलचे एकमेकांविरुद्ध दिशेचे दोन सिग्नल करतो. ते जातात ईएल३४, ६एल६, ईएल८४ किंवा ६व्ही६ अशा दांडग्या पॉवर ट्यूबच्या जोडीकडे. शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर.

यातल्या प्रत्येक टप्प्याला स्वतःचं छत आहे. प्रीॲम्पची ट्यूब फाटते तेव्हा आवाज दाट आणि भुसभुशीत होतो, भुंग्यासारखा म्हणा हवं तर. पॉवर ट्यूब फाटतात तेव्हा आवाज घट्ट राहतो, पण बोटांना जास्त दाद देतो. जोडीने चालणाऱ्या पॉवर ट्यूबमध्ये सम हार्मोनिक्स एकमेकांना मारतात, त्यामुळे त्यांची धार वेगळी. फेज इन्व्हर्टर फाटतो याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं, पण ज्याला लोक 'पॉवर ट्यूबचा आवाज' म्हणतात त्यातला मोठा हिस्सा माझ्या मते याच टप्प्याचा असतो. स्पीकरचा कागदी कोनही जोरात ढकलला की वेडावाकडा हलतो आणि आपली भर घालतो. 'किंक्स' बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ च्या सुमारास छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कोन ब्लेडने चिरून हवी ती खरखर मिळवली होती. कमी आवाजात डिस्टॉर्शन मिळवायचा तो सगळ्यात स्वस्त फेरफार. परत फिरता येत नाही एवढंच.

व्हॉल्यूम वाढवल्याशिवाय फाटत का नाही

इथे थोडे आकडे लागतील. पिकअपमधून दशांश व्होल्टच्या आसपास सिग्नल येतो. तगडा हंबकर (दुहेरी कॉइलचा पिकअप) असेल आणि तारा जोरात छेडल्या तर कधी एक व्होल्टपर्यंत. १२एएक्स७ चा एक टप्पा तो साधारण ५० ते ६० पट करतो. पण त्या टप्प्याचं स्वतःचं छत गिटारच्या मानाने उंच असतं. त्याच्या ग्रिडला दीडेक व्होल्ट सहज पचतात, म्हणून पहिली ट्यूब गिटारने सहसा फाटत नाही.

५० वॉटच्या ॲम्पमधल्या ईएल३४ चा बायस साधारण उणे ३५ ते ४० व्होल्टवर असतो. म्हणजे ती फाटायला तिच्या ग्रिडवर ३५-४० व्होल्टचा माथा असलेला सिग्नल पोचायला हवा. जुन्या ॲम्पमध्ये व्हॉल्यूमचं बटण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांच्या मध्ये असतं. ते दोनवर असेल तर दुसऱ्या टप्प्यालाच चिमूटभर सिग्नल मिळतो, मग पुढे ३५ व्होल्ट कुठून येणार? सातवर नेलं की दुसरा टप्पा, फेज इन्व्हर्टर, पॉवर ट्यूब सगळे आपापल्या छताला जाऊन भिडतात, आणि त्याच वेळी स्पीकरला पूर्ण ५० वॉट मिळतात. किंबहुना जास्तच, कारण पूर्ण सपाट झालेल्या लाटेत त्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुपटीपर्यंत शक्ती मावते.

"मग ५ वॉटचा ॲम्प घेतला की झालं!"

हा सल्ला हमखास मिळतो आणि हमखास फसवतो. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. उलट, ५० वॉटवरून ५ वॉटवर आलात तर आवाज अर्धा वाटतो, दहावा हिस्सा नव्हे. ५० वरून २५ वर आलात तर फरक जेमतेम ३ डेसिबलचा.

स्पीकर हिशेबात धरा. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक हा गिटारचा नेहमीचा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर सुमारे ९८ डेसिबल देतो. ५० वॉटला ११५. ५ वॉटला १०५. अर्ध्या वॉटलाही ९५. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास राहिलेलं चालतं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं आणि १०५ ला पाचही नाहीत. बोलण्याच्या आवाजाच्या जवळपास यायचं तर याच स्पीकरला एक मिलिवॉट, म्हणजे वॉटचा हजारावा भाग, पुरतो.

तेव्हा ५ वॉटचा ॲम्प पूर्ण खोलला तरी बैठकीच्या खोलीत तो भयंकरच मोठा. छोटा ॲम्प चांगलाच असतो, फेरफार करायलाही सोपा. पण वॉट कमी करणं हा या प्रश्नाचा लहानसा तुकडा आहे.

झाकण उघडण्याआधी

हा भाग वाचायचा कंटाळा आला तर पुढचं काहीही हातात घेऊ नका. ट्यूब ॲम्पमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि ते साठवणारे मोठे फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात. किती वेळ, ते त्या ॲम्पच्या रचनेवर आहे, अंदाजावर सोडायची ही गोष्ट नाही. प्लग काढायचा, मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर लावायचा, काळी क्लिप चॅसिसला अडकवायची आणि लाल टोक एका हाताने प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला लावून बघायचं. दुसरा हात खिशात. दोन्ही हात लागले तर शॉकचा रस्ता छातीतून जातो. व्होल्ट दिसले तर दहा हजार ओहमचा, पाच-दहा वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून कपॅसिटर हळूहळू रिकामा करायचा आणि पुन्हा मोजायचा. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा मोजायचा, कारण हे कपॅसिटर रिकामे झाल्यावरही थोडे वर येतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे उस्ताद असतात, त्यांचं अनुकरण नको.

दुसरा नियम ट्रान्सफॉर्मरचा. ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा योग्य लोड जोडल्याशिवाय कधीही वाजवायचा नाही. लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच उसळतं आणि ट्यूबच्या सॉकेटवर किंवा वेटोळ्यातच ठिणगी जाऊ शकते. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण तिथे भीती शॉर्टची असते.

आणि फेरफारानंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे ॲम्पच्या वाटेत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब. बल्ब भपकन पेटून तसाच लखलखत राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे. भार बल्ब घेईल, ट्रान्सफॉर्मर वाचेल. हे सगळं जड वाटत असेल तर काम जाणकार मेकॅनिककडे द्या. पुढचं वाचून त्याला नेमकं काय हवं ते तरी सांगता येईल.

पहिला मार्ग: प्रीॲम्पमध्ये फाडा, तिथेच दाबा

सगळ्यात निरुपद्रवी फेरफारात सोल्डरिंग लागत नाही. काही जुन्या धर्तीच्या ॲम्पमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७ असते. तिचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर ४० च्या घरात, १२एएक्स७ चा १००. पिना त्याच. ट्यूब बदलली की फाटणं लवकर सुरू होतं. ॲम्पमध्ये आधीच १२एएक्स७ असेल तर मात्र या वाटेने काही मिळणार नाही.

पुढची पायरी कॅथोड कपॅसिटरची. ट्यूबच्या कॅथोडखाली एक रेझिस्टर असतो आणि बऱ्याचदा त्याला समांतर एक कपॅसिटर. तो नसेल तर ती ट्यूब स्वतःलाच थोडी आवरून धरते. घातला की त्या टप्प्याची वाढ जवळजवळ दुप्पट होऊ शकते. किती मायक्रोफॅरॅडचा घालायचा यात खरी गंमत आहे. फेंडरच्या ॲम्पमध्ये २५ चा असतो, तो खर्जासकट सगळं वाढवतो. मार्शलमध्ये बऱ्याच ठिकाणी ०.६८ चा, जो मधला आणि वरचा भाग उचलतो आणि खर्ज मागे ठेवतो. फाडायच्या आधी खर्ज कमी केलेला बरा. जाड तारेचा ८२ हर्ट्झचा सूर पूर्ण ताकदीने छताला लागला की बाकी सगळं त्याच्याबरोबर चिखलात जातं. खर्ज हवाच असेल तर फाटून झाल्यावर परत आणा.

टोनच्या बटणांचं जाळं बराच सिग्नल गिळतं. त्याचं ग्राउंडचं टोक एका स्विचने सोडवलं की बटणं जवळपास निकामी होतात, पण गिळलेला सिग्नल परत मिळतो. दोन चॅनेलचा ॲम्प असेल आणि एक चॅनेल कधीच वापरत नसाल तर त्या चॅनेलचा रिकामा ट्रायोड पहिल्यामागे जोडता येतो. मार्शलने १९७५ मध्ये काढलेल्या मास्टर व्हॉल्यूमच्या २२०३ मॉडेलमध्ये हेच केलं. आधीच्या मॉडेलमधले शेजारी-शेजारी चालणारे टप्पे एकामागे एक लावले आणि त्यातल्या एका टप्प्याच्या कॅथोडला १० हजार ओहमचा रेझिस्टर दिला. एवढ्या मोठ्या रेझिस्टरमुळे ट्यूब थंड बायसवर बसते, तिची एक बाजू छताला आधीच टेकलेली असते आणि थोड्या सिग्नललाही ती एकाच अंगाने फाटते.

टप्पा वाढवला की शिट्टी आलीच म्हणून समजा. प्लेटची वायर ग्रिडच्या वायरजवळून गेली तर सिग्नल मागे शिरतो आणि ॲम्प स्वतःशीच ओरडतो. ती जागा शोधायची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे: ॲम्प चालू, एक हात मागे, आणि दुसऱ्या हातात कोरडी लांब लाकडी काडी. काडीने एकेक वायर किंचित बाजूला सारत जायचं. एखादी वायर दोन मिलिमीटर हलते आणि शिट्टी कापल्यासारखी बंद होते. तिथे शिल्डेड वायर घालायची.

हे झालं फाडणं. दाबण्यासाठी टोनच्या बटणांनंतर आणि फेज इन्व्हर्टरच्या आधी मास्टर व्हॉल्यूम बसवतात, साधारण एक मेगओहमचा पॉट, म्हणजे बटणाने कमीजास्त होणारा रेझिस्टर. पहिलं बटण आता 'गेन' झालं आणि खोलीतला आवाज मास्टरच्या हाती गेला. सोपं आहे, पण यात फेज इन्व्हर्टर आणि पॉवर ट्यूब दोघंही झोपलेले राहतात. ऐकू येतो तो फक्त प्रीॲम्पचा भुंगा.

दुसरा मार्ग: दाबायची जागा एक पाऊल पुढे

कुणी एकच फेरफार विचारला तर मी हा सांगेन. मास्टर व्हॉल्यूम फेज इन्व्हर्टरच्या नंतर, पॉवर ट्यूबच्या ग्रिडच्या तोंडाशी बसवायचा. सिग्नल तिथे दोन असतात, म्हणून पॉटही दुहेरी लागतो, एकाच दांड्यावर दोन. आता फेज इन्व्हर्टर मनसोक्त फाटतो आणि फक्त पॉवर ट्यूबकडे जाणारा सिग्नल दबतो. एकच पॉवर ट्यूब असलेल्या छोट्या ॲम्पमध्ये फेज इन्व्हर्टर नसतो, तिथे साधा मास्टर पुरतो.

जोडणी अशी. पॉवर ट्यूबच्या ग्रिडपासून बायसच्या पुरवठ्याकडे प्रत्येकी एक रेझिस्टर जातो, बहुधा २२० हजार ओहमचा. ते दोन काढून त्यांच्या जागी २५० हजार ओहमचा दुहेरी पॉट येतो. त्याचं वरचं टोक कपलिंग कपॅसिटरला (फेज इन्व्हर्टरकडून सिग्नल आणणाऱ्या कपॅसिटरला), खालचं बायसला, मधलं ग्रिडला.

मधल्या टोकाच्या बाबतीत एक सापळा आहे. पॉटची आतली सरकती पट्टी जुनी झाली, तिच्याखाली धूळ बसली, तर तिचा संपर्क तुटू शकतो. त्या क्षणी ग्रिडचं बायस जातं, ट्यूब बेलगाम प्रवाह ओढते आणि आतली करडी प्लेट लाल व्हायला लागते. अंधाऱ्या खोलीत ही लाली स्पष्ट दिसते, आणि दिसली की ॲम्प ताबडतोब बंद करायचा. यावरचा उपाय किरकोळ आहे: प्रत्येक पॉटच्या मधल्या टोकापासून बायसच्या टोकाला २.२ मेगओहमचा एक रेझिस्टर. पट्टी उचलली गेली तरी ग्रिडला बायस मिळत राहतं. सर्किटच्या नकाशात हे दोन रेझिस्टर दिसले नाहीत तर तो नकाशा वापरू नका.

दुष्परिणाम एक आहे. बऱ्याच ॲम्पमध्ये स्पीकरच्या टोकाकडून थोडा सिग्नल उलट फेज इन्व्हर्टरकडे आणतात. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात आणि तो आवाज स्वच्छ ठेवतो. मास्टर खाली आणला की परत येणारा सिग्नलही आटतो. या फीडबॅकवर चालणारं, वरची पट्टी उचलणारं 'प्रेझेन्स'चं बटण फिरवलं तरी काही होत नाही आणि आवाज थोडा रांगडा होतो. काहींना तेच आवडतं. ते मुद्दाम फीडबॅकची वायर सोडवून तिथे स्विच घालतात. फीडबॅक नसलेला ॲम्प लवकर आणि हळुवारपणे फाटतो. व्हॉक्सच्या एसी३० मध्ये तो मुळातच नाही.

तिसरा मार्ग: छतच खाली आणा

पॉवर ट्यूब खरोखर फाटायला हवी असेल आणि तरी आवाज कमी हवा असेल तर तिचं छत उतरवावं लागतं, म्हणजे तिला मिळणारं मोठं डीसी व्होल्टेज कमी करावं लागतं. गिटारवादक एडी व्हॅन हेलन आपल्या १०० वॉटच्या मार्शलला व्हॅरिॲक (भिंतीतून येणारं व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून १२० ऐवजी ९० च्या आसपास व्होल्ट द्यायचा, त्यातला हेतू हाच. पण व्हॅरिॲकने सगळंच उतरतं, ट्यूबच्या हीटरचे ६.३ व्होल्टसुद्धा. हीटर थंड पडलेल्या ट्यूबचा कॅथोड दीर्घकाळ ताण सोसत नाही. म्हणून आता मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरून फक्त प्लेटचं व्होल्टेज बटणाने कमी करणारं सर्किट बसवतात, व्हीव्हीआर या नावाने ते ओळखलं जातं. बायस वेगळ्या पुरवठ्यातून येणारा ॲम्प असेल तर बायसही त्याच प्रमाणात उतरायला हवं. कॅथोड रेझिस्टरवर बायस होणाऱ्या छोट्या ॲम्पमध्ये ते आपोआप होतं, म्हणून व्हीव्हीआर तिथे सगळ्यात छान बसतं.

चार पॉवर ट्यूबच्या ॲम्पमधून दोन काढून टाकायची युक्तीही याच घराण्यातली. जोडीतल्या प्रत्येक बाजूची एक अशा दोन काढायच्या आणि इम्पिडन्सचा (स्पीकरच्या ओहमशी जुळवण्याचा) स्विच स्पीकरच्या निम्म्यावर आणायचा: स्पीकर ८ ओहमचा तर स्विच ४ वर. मिळतात काय, तर ३ डेसिबल. त्यासाठी एवढी खटपट मी तरी करणार नाही.

चौथा मार्ग: सगळं फाटू दे, शेवटी दाबा

ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर ठेवला की ॲम्प सातवर पूर्ण जोराने चालतो आणि जास्तीची शक्ती उष्णता होऊन जाते. ॲम्पचं झाकण उघडावं लागत नाही. बोस्टन बँडच्या टॉम शोल्झने, जो शिक्षणाने एमआयटीचा इंजिनिअर, १९८० च्या सुमारास 'पॉवर सोक' नावाने हे यंत्र बाजारात आणलं.

यावरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे ॲटेन्युएटरने ॲम्प जळतो. ओहम जुळत असतील आणि वॉट झेपत असतील तर ॲटेन्युएटर स्वतः काही जाळत नाही. पण ॲम्प रोज सातवर चालणार आहे, आणि आवाज कमी असल्यामुळे तो तासन्‌तास चालेल. पॉवर ट्यूब लवकर झिजतात त्या या कारणाने. झेपण्याचा हिशेब करताना सपाट लाटेची दुप्पट शक्ती विसरू नका: ५० वॉटच्या ॲम्पला १०० वॉटचा ॲटेन्युएटर.

दुसरा आक्षेप, आवाज मंद होतो, हा खरा आहे. ८ ओहमचा स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा नसतो. खर्जात त्याच्या स्वतःच्या कंपनाच्या जागी आणि वरच्या पट्टीत त्याचा अडथळा कितीतरी वाढतो, आणि ट्यूब ॲम्प तिथे जास्त जोर लावतो. नुसत्या रेझिस्टरचा ॲटेन्युएटर हा चढउतार सपाट करतो. कॉइल आणि कपॅसिटर घालून स्पीकरची नक्कल करणारे रिॲक्टिव्ह ॲटेन्युएटर महाग असतात, पण फरक ऐकू येतो.

"पेडल लावलं की संपलं ना?"

पेडलही पहिल्याच मार्गातलं आहे, फक्त फाडणं ॲम्पच्या बाहेर आणि सहसा डायोड किंवा ट्रान्झिस्टरने. बऱ्याच लोकांना ते पुरतं आणि त्यात कमीपणा काही नाही. हेडफोनवर रात्री वाजवायचं असेल तर ॲम्पची नक्कल करणारा डिजिटल मॉडेलर ट्यूबपेक्षा सोयीचा. हे सगळे फेरफार त्यांच्यासाठी आहेत ज्यांना याच ॲम्पची, बोटांना दाद देणारी सातवरची चव हवी आहे.

सगळं करूनही आवाज बारीक का लागतो

याचं कारण कानात आहे. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज कमी झाला की आपल्याला खर्ज आणि अगदी वरची पट्टी मधल्या पट्टीपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येते. शिवाय मोठ्या आवाजात स्पीकरची हवा गिटारच्या लाकडाला आणि तारांना हलवते, म्हणून सूर लांबतो. ते कुठल्याही पॉटने परत येत नाही. ॲटेन्युएटरने ६ ते १० डेसिबल उतरवले तर चव टिकते. त्याहून खाली गेलात की दोष यंत्राचा वाटू लागतो, पण बराचसा कानाचा असतो.

काही गोष्टी मात्र हातात आहेत. कमी कार्यक्षम स्पीकर घ्या. ९८ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर म्हणजे ५० वॉटचा ॲम्प साडेबारा वॉटचा झाल्यासारखं, आणि ॲम्पच्या आतलं काहीच बदलत नाही. कोनही फाटायला हवा असेल तर २५-३० वॉटचा नाजूक स्पीकर शोधा, पण पूर्ण ताकदीवर त्याला मोठ्या ॲम्पपुढे एकटा ठेवू नका. मास्टर खाली आणल्यावर टोनची बटणं पहिल्या जागी सोडू नका. सातवरची मांडणी विसरून खर्ज आणि ट्रेबल थोडे वर आणि गेन थोडा कमी करून बघा. कमी आवाजात गेन जास्त ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि तारांचे वेगळे सूर त्यातच हरवतात. ॲम्प जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीवर ठेवला, किंवा नुसता मागे कलवला, तर गुडघ्यांकडे जाणारी वरची पट्टी थेट तुमच्याकडे येते, आणि त्याला सोल्डरिंग लागत नाही.